आतल्या खोलीतला एसी

"मले आता पंखा पुरत नाही," आई म्हणाल्या आणि त्यांनी ताटातली भाकरी बाजूला सारली.

अण्णांचा घास हातातच राहिला. धनंजयने मान वर केली आणि लगेच खाली घातली. मी अण्णांना वरण वाढत होते ती वाढतच राहिले. त्यांच्या ताटात तळं झालं तरी ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"पुरत नाही म्हणजे?" अण्णांनी विचारलं.

"म्हणजे गरम होतं. एसी घ्या."

जळगावातला मे महिना होता. गरम होतं हे सांगायला कुणाची गरज नव्हती. पण आईंनी ते सांगावं, याचं सगळ्यांनाच नवल वाटलं. माझ्या सासूबाई सिंधूताई नारखेडे म्हणजे रावेरच्या उन्हात मुरलेल्या, चुलीपुढे बसून अकरा माणसांचा स्वयंपाक उरकलेल्या बाई. भर दुपारी गच्चीवर पापड वाळत घालून यायच्या आणि म्हणायच्या, आज हवा बरी आहे.

आणि त्यांनी एसी मागितला होता तो अण्णांकडे. माझे सासरे, पंडित नारखेडे, वीज खात्यात वायरमन म्हणून लागले आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. पंखा हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. कुणी पाहुणा घाम पुसू लागला की ते त्याला आधी खुर्ची सरकवायला सांगत. बरोबर कुठे, ते बोटाने दाखवत. "पंखा माणसाला गार करतो," ते म्हणायचे, "आणि एसी भिंतींना. भिंती गार करून आपल्याला काय करायचंय?" एका एसीच्या विजेत वीस पंखे चालतात, हेही ते सांगत. त्या वीस पंख्यांखाली बसायला एवढी माणसं कुठून आणायची, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"सिंधू, तुला बरं नाही का?" अण्णांनी आवाज खाली आणून विचारलं.

"मी चांगली आहे. मले गरम होतं," आई म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या.

माझं लग्न होऊन तेव्हा सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. मी इगतपुरीची. आमच्याकडे मे महिन्यातही पहाटे गोधडी लागते. आमच्या घरात पंखा होता, पण त्याचा उपयोग मुख्यतः ओले कपडे वाळवायला व्हायचा. लग्न ठरलं तेव्हा मावशी म्हणाली होती, "जळगाव? अगं, उन्हाळ्यात कशी राहशील तू?" मी हसले होते. ऊन ते ऊन, त्यात राहायला काय लागतं, असं वाटलं होतं.

आमचं घर शेवटच्या मजल्यावर होतं. एक हॉल, एक स्वयंपाकघर आणि एक आतली खोली. आतली खोली लग्नानंतर आम्हा दोघांना दिली होती. पण तिच्या दोन भिंतींवर आणि छतावर दिवसभर ऊन पडायचं. मार्च संपता संपता त्या खोलीत पाय ठेववेना. मग आम्ही चौघंही हॉलमध्ये, अण्णांच्या मोठ्या पंख्याखाली झोपू लागलो. भिंतीकडेला धनंजय, मग अण्णा, मग आई, मग पाण्याचा माठ आणि माठापलीकडे मी. कूलर होता, पण इमारतीची बोअर त्या वर्षी आटली होती आणि टँकरचं पाणी कूलरला घालायची कुणाची छाती नव्हती. कूलरमध्ये आम्ही कांदे ठेवत होतो.

उन्हाचं मी एक वेळ काही वाटून घेतलं नसतं. पण धनंजय माझ्याशी बोलतच नसे. चटईच्या कारखान्यात तो शिफ्ट इन्चार्ज होता, दोनशे माणसं सांभाळायचा म्हणे. घरात मात्र अण्णांपुढे तो शाळेतल्या मुलासारखा बसायचा. मला काही सांगायचं असेल तर आईंकडे बघून सांगायचा. "आई, तिला म्हणावं, माझा निळा शर्ट इस्त्रीला द्यायचाय." मी तिथेच, हाताच्या अंतरावर उभी असायची. सुरुवातीला मला गंमत वाटली, मग राग आला. मग एक दिवस वाटलं, या माणसाला मी नकोच आहे, घरच्यांनी ठरवलं म्हणून त्याने लग्न केलं असणार.

मी पॅथॉलॉजी लॅबची परीक्षा दिलेली होती. नाशिकला माझ्या जुन्या लॅबमध्ये जागा रिकामी होती. मी ठरवून टाकलं. उन्हाळ्याचं माहेरपण म्हणून जायचं आणि तिकडेच राहायचं. कुणाशी भांडायचं नाही, काही नाही. दादा महिनाअखेरीस न्यायला येणार होता. आईंनी एसी मागितला त्याच्या आदल्याच दिवशी हॉलमधल्या फोनवरून मी माझ्या आईशी बोलले होते आणि दादाला मोठी बॅग आणायला सांगितली होती. तिकडून तिने काही विचारलं, त्यावर मी म्हणाले होते, "हो, सगळंच घेऊन येते."

म्हणून त्या दुपारी एसीची मागणी आली तेव्हा मला त्यात फारसा रस नव्हता. मी जाणारच होते. पण पुढच्या काही दिवसांत त्या घरात जे चाललं, ते बघण्यासारखं होतं.

अण्णा आधी बाजारात जाऊन दुसरा पंखा घेऊन आले. रुंद पात्यांचा, तपकिरी. स्वतः स्टुलावर चढून त्यांनी तो हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसवला. दोन्ही पंखे एकदम लावले तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत खाली आलं.

"आता?" अण्णांनी विचारलं.

"वारा आहे," आई म्हणाल्या. "गरमच आहे, पण वारा आहे."

मग अण्णांनी खिडकीला वाळ्याचे पडदे लावले. मग एक टेबलफॅन आणून आईंच्या पुढ्यात ठेवला. पोळ्या लाटताना पीठ उडू लागलं. पेपर वाचायचा तर दोघांनी धरावा लागायचा. मी एकदा चहाचा कप घेऊन हॉलमधून गेले तर पदर तोंडावर आला आणि अर्धा चहा बशीत सांडला. अण्णांनी धनंजयला विचारलं, "तुला गरम होतं का रे?" धनंजय म्हणाला, "नाही अण्णा." त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता.

आई ओला नॅपकिन डोक्यावर ठेवून शांत बसून असायच्या. भांडत नव्हत्या. अण्णांनी विचारलं की फक्त मान हलवायच्या.

मग एका दुपारी जेवण झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "चल, पिशवी घे. गवार पण घे."

"कुठे जायचंय?"

"चल तर."

कोपऱ्यावरच्या बँकेत आम्ही गेलो. आत गारेगार होतं. भिंतीशी गिऱ्हाइकांसाठी खुर्च्या होत्या, त्यांतल्या दोन आईंनी धरल्या. पिशवीतून गवार काढून मांडीवरच्या कागदावर ओतली आणि शेंगा मोडायला सुरुवात केली.

"आई, लोक बघताहेत," मी हळूच म्हणाले.

"बघू दे. तू पण मोड. दोघी मिळून लवकर होईल."

थोड्या वेळाने मॅनेजर स्वतः केबिनमधून बाहेर आले. अण्णांचं पेन्शन त्याच बँकेत यायचं, त्यामुळे ते आम्हाला ओळखत होते.

"काकू, काही काम होतं का?"

"काम घरी असतं," आई म्हणाल्या. "इथे गार वाटतं म्हणून आलो. घरी मले सोसत नाही. तुम्हाले अडचण होत असेल तर उठतो."

"नाही, नाही, बसा की," ते म्हणाले आणि आमच्या मांडीवरच्या शेंगांकडे बघत आत गेले. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आई मात्र शिरा काढत बसल्या होत्या. मधेच मला म्हणाल्या, "शेंग कोवळी आहे. तुझ्या आईकडे गवारीले काय टाकतात?"

"ओवा," मी म्हणाले.

"मी दाण्याचं कूट टाकते. ओवा टाकून पाहायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी लसूण सोलायला. तिसऱ्या दिवशी मॅनेजरांनी आम्हाला चहा पाजला आणि बहुधा त्यानंतर अण्णांना फोन केला. आम्ही घरी आलो तर अण्णा दिवाणावर बसले होते. टेबलफॅन बंद होता.

"नारखेडेंच्या घरात लसूण सोलायला जागा नाही, असं गावभर झालं," ते म्हणाले.

"लसूण घरी सोलता येतो," आई म्हणाल्या. "गार घरी होत नाही."

अण्णा बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या दुकानात जाऊ."

दुकानात आम्ही तिघं गेलो. धनंजय कामावर होता. दुकानदार तिशीतला, फार उत्साही होता. त्याने आधी भिंतीवरचा स्प्लिट एसी दाखवला. खोली केवढी, छतावर ऊन पडतं का, झोपणारी माणसं किती, असे सगळे प्रश्न त्याने विचारले.

"एसी हॉलमध्ये बसवायचाय," अण्णा म्हणाले. "झोपतो आम्ही तिथेच."

"आतल्या खोलीत," आई म्हणाल्या.

"अगं, हॉलमध्ये झोपतो ना आपण."

"हॉलले दार कुठं धड लागतं? दिवसभर माणसं येतात-जातात. आतल्या खोलीले दार आहे."

"काकू बरोबर बोलताहेत," दुकानदार म्हणाला. "बंद होणारी खोली हवी. नाहीतर थंडावा राहत नाही. काका, हा घ्या तुम्ही. याचं वैशिष्ट्य सांगतो, चालू आहे की बंद हे कळणारसुद्धा नाही. अजिबात आवाज नाही."

आईंनी एसीवरची नजर काढून घेतली.

"मंग हा नको. आवाजाचा दाखवा."

दुकानदाराला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. "आवाज नसलेला म्हणताय ना?"

"आवाज असलेला. बंद पडला तर कळायले नको?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. इतक्या दिवसांत अण्णा आणि मी पहिल्यांदाच एका बाजूला होतो. दुकानदाराने नाइलाजाने आम्हाला मागे नेलं, तिथे खिडकीत बसवायचे एसी होते. त्याने एक चालू केला. आई त्याच्यापुढे कान देऊन उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "याच्यापेक्षा मोठा आवाज करणारा नाही का?"

शेवटी कोपऱ्यातला एक त्यांना पसंत पडला. तो चालू झाला की पिठाच्या गिरणीत उभं असल्यासारखं वाटायचं. दुकानदार आम्हाला परत परत सांगत होता की नंतर आवाजाची तक्रार चालणार नाही. आई म्हणाल्या, "कोण करतंय तक्रार?"

वायरिंग अण्णांनी स्वतः केलं. मीटरपासून आतल्या खोलीपर्यंत वेगळी लाइन ओढली, स्वतंत्र स्विच बसवला. हाताखाली माणूस होता, पण एकही स्क्रू त्याला पिळू दिला नाही. मी त्यांना पाणी द्यायला गेले तेव्हा म्हणाले, "सूनबाई, विरोध वेगळा आणि अर्थिंग वेगळं. अर्थिंगमध्ये राग आणायचा नसतो."

पहिल्या रात्री आम्ही चौघंही आत झोपलो. खोली लहान, त्यात एसीची घरघर, त्यात अण्णांचं घोरणं. सकाळी आई गुडघे धरून बसल्या होत्या.

"मले नाही सोसत," त्या म्हणाल्या. "हाडात थंडी शिरते. मी आपली बाहेर पंख्याखाली झोपते."

अण्णा नुकतेच दात घासून आले होते. टॉवेल खांद्यावरच होता. "काय म्हणालीस?"

"पंखाच बरा आहे. तुमचं खरं होतं."

"माझं खरं होतं," अण्णा सावकाश म्हणाले. "हे तुला आज कळलं."

"आज कळलं."

"मग तो एसी?"

"आणला आहे तर ही दोघं झोपतील. हिले इगतपुरीच्या हवेची सवय आहे. पोरीच्या अंगावर घामोळं आलंय, दिसत नाही का तुम्हाले?"

घामोळं आलं होतं हे खरं. पण ते आईंना कधी दिसलं, मला माहीत नव्हतं. अण्णा त्या दिवशी कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनी दोन्ही पंख्यांची पाती पुसली आणि आईंची गादी बरोबर मधोमध, वारा कुठून कसा येतो ते हाताने बघून घातली. त्यांचा राग गेला होता. ते जिंकले होते.

तो आठवडा मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपले. धनंजय दुसऱ्या कडेला. दार बंद झालं म्हणून काय झालं, मला वाटलं. माणूस तोच.

मग धनंजयच्या सुट्टीचा दिवस आला. दुपारची जेवणं झाली होती. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. तो आत आला, दार लावलं, एसी चालू केला आणि पलंगाच्या टोकावर बसला. काहीतरी बोलला.

"काय?" मी म्हणाले. एसीपुढे काही ऐकू येत नव्हतं.

तो पुन्हा बोलला. मला पुन्हा ऐकू आलं नाही. मग तो उठून माझ्या शेजारी येऊन बसला आणि कानाशी म्हणाला, "तू परत येणार आहेस ना?"

माझ्या हातातली घडी सुटली. "कुठून?"

"इगतपुरीहून. आई म्हणाली, तू फोनवर सगळंच घेऊन येते म्हणालीस. मोठी बॅग मागवलीस. ती म्हणाली, उन्हाळ्याला जाणारी पोरगी मोठी बॅग मागवत नाही. जा आणि तिला विचार."

"आई कधी म्हणाल्या?"

"फोन झाला त्याच दिवशी. पण विचारणार कुठे? तिकडे तर अण्णा..." त्याने दाराकडे बघितलं. पुढचं वाक्य त्याने पुरं केलं नाही.

मी सुटलेली घडी पुन्हा घालायला घेतली. मग तोच बोलू लागला. आधी अडखळत, नंतर भराभर. बऱ्याच दिवसांचं साठलेलं असावं. त्यात त्याने एक गोष्ट सांगितली.

"बघण्याचा कार्यक्रम झाला ना, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी इगतपुरीला आलो होतो. एकटाच."

"कशाला?"

"तुला विचारायला. तू मनापासून हो म्हणालीस की घरच्यांनी म्हणायला लावलं, ते."

"मग विचारलं का नाही?"

"धुकं होतं. तुझं घर सापडलं नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिले. "आमचं घर फलाटावरून दिसतं."

"हो," तो म्हणाला. "म्हणजे, दिसलं. पण पूल ओलांडला नाही. दोन वडापाव खाल्ले आणि परतीची गाडी धरली."

मला हसू आलं. एकदा आलं ते थांबेना. तोही हसायला लागला. लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदा हसताना बघत होते. त्याला हसताना डाव्या गालावर खळी पडते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. एसी धडधडत होता आणि आम्ही एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलत होतो. मी त्याला नाशिकच्या लॅबचं सांगितलं. मला काम करायचंय, नुसतं घरात बसून मी कोमेजून जाईन, हे सांगितलं. तो म्हणाला, "मग जळगावात लॅब नाहीत का? कारखान्याच्या रस्त्यावरच एक आहे."

"अण्णांना कोण सांगणार?"

"मी सांगतो."

"तुम्ही?"

"सांगतो म्हणालो ना. आणि आठ-दहा दिवसांनी न्यायला येतो. या वेळी पूल ओलांडून."

पाणी प्यायला मी बाहेर आले. दार मागे लोटलं. हॉलमध्ये अण्णा झोपले होते, पंखे फिरत होते. आई दिवाणाशी बसून शेंगदाणे सोलत होत्या. मी माठापाशी पोचले आणि थांबले. आत धनंजय मोठ्याने शीळ घालत होता, हे मला माहीत होतं, कारण मी निघाले तेव्हा त्याने ती सुरू केली होती. बाहेर काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. फक्त त्या यंत्राची घरघर.

मी आईंकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही. "माठात पाणी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी धनंजयने घसा साफ केला. अण्णांनी पेपर खाली घेतला.

"अण्णा, रेवती लॅबमध्ये काम बघणार आहे. जूनपासून."

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे तिने सांगायचं की तू?"

धनंजय कपात बघू लागला. मला वाटलं, संपलं.

"बोला सूनबाई," अण्णा म्हणाले. "कोणती लॅब? वायरिंग कसं आहे तिथलं, ते बघून घ्या आधी. मशीन असतात महागाची."

दादा महिनाअखेरीस आला. मोठी बॅग घेऊन, अगदी नवी. मी तिच्यात चार साड्या आणि आईंनी दिलेले पापड भरले. बॅग निम्मीसुद्धा भरली नाही. दादा म्हणाला, "सगळंच आणणार होतीस ना?"

"एवढंच आहे," मी म्हणाले.

धनंजय ठरल्याप्रमाणे आला. पूल ओलांडून, भिजलेल्या बुटांनी, हातात केळ्यांचे वेफर्स घेऊन. आम्ही परत जळगावला आलो तेव्हा स्वयंपाकघरात लोणच्याच्या कैऱ्या येऊन पडल्या होत्या. आई विळीवर फोडी करत होत्या. मी हात धुऊन त्यांच्यासमोर बसले आणि फोडी पुसून बाजूला ठेवू लागले.

थोड्या वेळाने मी विचारलं, "आई, तुम्हाला खरंच गरम होत होतं का?"

"मे महिन्यात जळगावात कोणाले होत नाही?"

"तसं नाही. खरं सांगा ना."

त्या विळीवर कैरी दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "रावेरले सासरी आम्ही अकरा माणसं होतो. घर दोन खोल्यांचं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासू म्हणायची, नवऱ्याशी काय बोलायचं ते माझ्याशी बोल, मी सांगीन त्याले. तीन वर्षं मी ह्यांच्याशी धड बोलले नव्हते. कसे आहेत, काय आवडतं, काही माहीत नाही. मंग मले टायफॉइड झाला. मोठ्या दवाखान्यात ठेवलं. हे रोज संध्याकाळी ड्युटीवरून यायचे आणि स्टुलावर बसायचे. बाकी कोणी नाही."

त्यांनी कैरी संपवली, दुसरी घेतली.

"तिथे मले कळलं, हे गमतीचं बोलतात. एक डॉक्टर लंगडत चालायचा, त्याची नक्कल करायचे. मी पोट धरून हसायची. नर्स ओरडायची आमच्यावर."

"अण्णा नक्कल करायचे?"

"मंग. अजून करतात, पण माझ्यापुढेच." त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "डॉक्टर म्हणाले, ताप उतरला, उद्या घरी जा. तर मी रडायले लागले. सासू म्हणाली, पोरीले घराची आठवण येत होती, म्हणून रडते."

मी हातातली फोड पुसायची विसरले होते. आईंनी विळी आडवी केली आणि कोयींची परात माझ्याकडे सरकवली.

"आजारी पडल्याशिवाय नवऱ्याशी बोलता येऊ नये, हे काही बरं नाही," त्या म्हणाल्या. "तेवढंच वाटलं मले."

बाहेरून अण्णांची हाक आली. "अगं, इकडे ये जरा. समोरच्या टँकरवाल्याची गंमत बघ. कसा चालतोय."

"आले," आई म्हणाल्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवला. हॉलमध्ये जाऊन त्या अण्णांच्या शेजारी खिडकीशी उभ्या राहिल्या. अण्णांनी एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं आणि मला बघून जरा सावरून उभे राहिले.

स्वयंपाकघरात उकडत होतं. गॅसवर लोणच्याचं तेल तापत होतं. मी उठले आणि हॉलकडचं दार आतून लोटून घेतलं.

थोड्याच वेळात पलीकडून आईंचं हसणं ऐकू आलं.